सहा गाद्यांचा हॉल

पनवेल, ४ मे

सौ. मालू,

हे पत्र गोदूकडून मिळेल. ओलं झालं असेल तर दोष माझा नाही, तिच्या टोपलीतल्या बर्फाचा. करंजाहून रोज मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात येणारी दुसरी कोणी आपल्या ओळखीची नाही. तुझ्या भावाच्या दारावरून जायला ती तयार झाली, पण भर बाजारात मला म्हणाली, "दादा, या वयात चिठ्ठ्या?" आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. मी पापलेटाकडे बघत उभा राहिलो.

फोन करू नका, असं तूच बजावून गेलीस. "बोलन्यात तुमी मना कंदी जिंकू दिलं नाय. सांगायचं ते लिवून पाठवा." बरं बाई, लिहितो.

बिल्डिंगचं पक्कं झालं. या महिनाअखेर सगळ्यांनी खाली करायचं. नवी उभी राहायला तीन वर्षं असं बिल्डर म्हणतो, म्हणजे चार धर. तोवर भाड्याचं घर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे ठरलं त्याच संध्याकाळी तू बॅग भरून माहेरी निघालीस, आणि जाताना उंबऱ्यात म्हणालीस, "मी येईन असं घर शोधा. मंग बगू." भांडण नाही, तंटा नाही. लोकांना काय सांगू? मी सांगतो, तिच्या भावाकडे आंब्याचं काम आहे.

तर मी घरं बघतोय. वरद नावाचा एजंट आहे, कोवळा पोरगा पण तोंड चुरूचुरू चालतं. त्याने तीन फ्लॅट दाखवले. पहिला नवीन पनवेलला, टू बीएचके, पण हॉल चिंचोळा. चार गाद्या पडतील, पाचवी घातली की संडासाकडे जायची वाट बंद. दुसरा खांदा कॉलनीत, पाच गाद्यांचा. तिसरा आपल्या एसटी स्टँडच्या मागे, पायी पाच मिनिटांवर, आणि त्याचा हॉल म्हणजे काय सांगू! मी पावलांनी मोजला. सहा गाद्या आरामात, वर मधून ये-जा करायला जागा. वरद म्हणाला, "काका, लोक सोफा मोजतात, तुम्ही गाद्या काय मोजताय?" म्हटलं, बाळा, आमच्याकडे राबता असतो.

दोन बेडरूम आहेत. दुसरी असलेली बरी. असंच, कधी लागते.

तुझा होकार आला की टोकन देतो.

कमलाकर

९ मे

सौ. मालू,

गोदू आली. टोपली उतरवली, कंबरेवर हात ठेवले आणि तुझा निरोप मला मार्केटभर ऐकवला. "ती सांगते, येवडा मोटा हॉल कोनासाटी? आनि त्या सा गाद्यांच्या चादरी धुनार कोन?"

मालू, हा काय प्रश्न झाला? मशीन घेऊन दिलंय ना तुला?

आता नीट ऐक. पनवेल म्हणजे नाका आहे. पेणचा माणूस मुंबईला निघाला की पनवेल, माणगावचा पुण्याला निघाला की पनवेल, अलिबागची म्हातारी डोळे दाखवायला आली की पनवेल. सगळ्यांना ठाऊक आहे, स्टँडवर उतरलं की कमलाकर घरताचं घर. कोर्टाची तारीख असो, पासपोर्टचं काम असो, बाळंतपण असो, आपल्या दारातून माणूस परत गेलेला नाही. आईने हे एकच शिकवलं मला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभी हयात काढली मी, गोडाऊनमध्ये माल कुठे किती मावेल हे डोळ्यांनी सांगायचो. पण गावात मला मान आहे तो त्या नोकरीमुळे नाही, आपल्या घरामुळे आहे. लहान घर घेऊन बसलो तर लोक म्हणतील, कमलाकरने म्हातारपणी हात आखडला.

स्टँडमागच्या फ्लॅटला मी तोंडी हो म्हणालोय. रागावू नकोस, असं घर दोन दिवस थांबत नाही. तुझ्यासाठी स्वयंपाकघरात चिमणी आहे, मसाल्याचा धूर सरळ बाहेर. दुसरी बेडरूम पूर्वेला आहे. सकाळचा उजेड इतका छान येतो की टेबल खिडकीशी लावलं तर अभ्यासाला दिवा लागणार नाही. म्हणजे माझ्या पेपर वाचण्याला.

लवकर हो म्हण. जेवणाचे हाल चाललेत. काल खानावळीत वालाची उसळ खाल्ली, वाल मोडतच नव्हते.

कमलाकर

१४ मे

मालू,

पकडलंस. हितेशच्या बायकोचा तुला आभाराचा फोन आला हे गोदूने सांगितलं, आणि मी तोंडावर आपटलो. हितेश माझा सख्खा पुतण्या, काशिरामदादाचा मुलगा, त्याला तरी बायकोला गप्प बसवायचं कळायला हवं होतं.

हो, मी शब्द दिलाय. मनस्वी दहावी झाली, तिला अकरावीला पनवेलच्या कॉलेजात घालायचंय. दोन वर्षं आपल्याकडे राहील. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. नेहमी म्हणतेस. मग विचारायचं कशाला, असं वाटलं मला.

चिडायच्या आधी दादाचा विचार कर. तो सातवीतून शाळा सोडून मिठागरात उतरला म्हणून मी मॅट्रिक झालो. त्याच्या पायांच्या भेगांत मीठ जायचं, रात्री आई खोबरेल लावायची आणि तो तोंडात उशी कोंबायचा. त्याची नात शिकायला येतेय आणि मी म्हणू, जागा नाही? कोणत्या तोंडाने म्हणू? पोरगी काही दांडगट नाही. आली की तुला वाटीभर लसूण सोलून देते.

आता तुझा दुसरा निरोप. गोदूने तो बाजारात सांगितला नाही. मला बाजूला नेऊन, बर्फाच्या खोक्यांमागे, हळू आवाजात सांगितला. तेव्हाच मला कळलं की काहीतरी वेगळं आहे.

"ती बोलली, माज्या घरवाल्यांना सांग, तिसऱ्याची वलकटी ठेवाला जागा नसंल असा घर घ्या. आनि माज्या झोपायच्या खोलीला आतून कडी पायजे. पावनं आलं का मी स्वयपाकघरात सिलिंडरच्या बाजूला निजतंय, घरवाल्यांनी कंदी वाकून बगितलाय का?"

मालू, मला खरंच वाटायचं, तुला तिथली फरशी गार लागते म्हणून तू तिथे झोपतेस. तूच एकदा तसं म्हणाली होतीस. कोणातरी पाहुण्यासमोर म्हणाली होतीस, हे आता आठवतंय.

पण मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी काय तुला खाणार होतो? राग आलाय मला, आणि तो नेमका कोणाचा आलाय ते कळत नाही. आज इतकंच.

कमलाकर

१९ मे

मालू,

पाच दिवस लिहिलं नाही. गोदूने रोज विचारलं, "आज चिठ्ठी नाय?" म्हटलं, नाही.

मी काय केलं ते सांगतो, हसू नकोस. मागची चिठ्ठी दिली त्याच रात्री जेवल्यावर मी स्वयंपाकघरात ओट्याखाली चटई टाकली आणि आडवा झालो. मला बघायचं होतं. पाय सरळ होत नाहीत. सरळ केले तर सिलिंडरला लागतात, डोकं वर सरकवलं तर मागच्या दाराच्या फटीतून वारा थेट कानात. कुशीवर वळलो तर नळाखालची बादली नाकाशी. मी तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे हे खरं, पण तुझेही पाय तिथे मावणार नाहीत. लोखंडाची कॉइल कुठे बसेल ते मी लांबून सांगायचो, आणि स्वतःची बायको कुठे मावते ते कधी बघितलं नाही. लाज वाटली मला. उठताना कंबर धरली ती अजून सुटलेली नाही.

मग आपली समीक्षा आठवली. तिने दहावीचा अभ्यास जिन्यात बसून केला होता. मी लोकांना कौतुकाने सांगायचो, पोरीला मोकळी हवा लागते. सकाळी तिला फोन केला. म्हणाली, "बाबा, हॉलमध्ये माणगावचे काका घोरत असायचे. मी कुठे बसणार होते?" आणि हसली. आता तिला हसू येतं.

स्टँडमागचा फ्लॅट सोडला. वरदला म्हटलं, वन बीएचके दाखव. तो म्हणाला, "काका, तुमच्या वयाचे लोक वनमधून टूमध्ये जातात, तुम्ही उलटे कुठे निघालात?" आधी वन आरके दाखवत होता, पण त्याला आत दारच नाही. म्हटलं, बायकोची अट आहे, कडी हवी. "आतून?" म्हणाला. म्हटलं, आतूनच. त्यानंतर त्याने मला काही विचारलं नाही.

रोडपालीला एक सापडलाय. चौथा मजला, लिफ्ट आहे, कधी कधी चालते. बेडरूम चौकोनी, लख्ख, दाराला दणकट कडी. स्वयंपाकघराला खिडकी. आणि हॉल ऐक. बिल्डरने काय झोपेत नकाशा काढला कोण जाणे, हॉलमध्ये भिंतीपासून हातभर पुढे एक खांब आलाय. म्हणून तो फ्लॅट कोणी घेत नाही. वरद तर दाखवायलाच लाजत होता. मी मात्र दुसऱ्या दिवशी आपल्या माळ्यावरची एक गादी गुंडाळून रिक्षात घातली आणि रोडपालीला घेऊन गेलो. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. चार मजले गादी चढवली, वरद खालून ढकलत होता आणि पुटपुटत होता. हॉलमध्ये पसरून बघितली. उभी लावली तर खांबाला अडते, आडवी लावली तर दार उघडत नाही, तिरकी लावली तर अर्धी भिंतीवर चढते. एकही गादी पडत नाही, मालू! वरद म्हणाला, "बघा, मी बोललो होतो ना, जमणार नाही." म्हटलं, पोरा, हाच घ्यायचा.

तिथून एसटी स्टँड लांब आहे. उतरलेल्या माणसाला बॅगा घेऊन पुन्हा रिक्षा नाहीतर बस करावी लागेल. तुझ्या दृष्टीने हाही एक गुण समज.

दादाला अजून सांगितलेलं नाही. जायला हवं, आणि पाय उचलत नाही.

कमलाकर

२६ मे

मालू,

गावाला जाऊन आलो. पळस्प्याला एसटीची वाट बघत तासभर उन्हात उभा होतो, आणि खरं सांगतो, गाडी येऊच नये असं वाटत होतं.

दादा ओटीवर आंब्यांची आढी लावत होता. हितेश घरी नव्हता. मनस्वीने पाणी दिलं. तिने कॉलेजची नवी सॅक आणून दाखवली, तिचं लेबलही अजून काढलेलं नव्हतं. 

मी सुरुवात केली ती आपल्या नेहमीच्या वाटेने. म्हणालो, "दादा, मालूची तब्येत जरा बरी नसते."

दादा म्हणाला, "परवा तिचा भाऊ भेटला. बरी हाय बोलला."

मी एक आंबा उचलला, ठेवला. मग म्हणालो, "दादा, घर लहान घेतलंय. दोघांपुरतंच."

"लहान कशाला? परवडत नाय?"

"परवडतं."

"मंग मालू नको सांगते का?"

मालू, तेव्हा मान हलवली असती की काम झालं असतं. दादा तुझ्यावर चार दिवस चिडला असता, वहिनीने दोन शिव्या घातल्या असत्या, आणि मी बिचारा बायकोच्या धाकातला म्हणून सुटलो असतो. मान अर्धी हललीही होती. ती थांबवली आणि म्हणालो, "नाही. मी नको सांगतोय. तिला मी विचारलंच नव्हतं, न विचारता शब्द दिला होता. तो शब्द मी मागे घेतोय."

दादा आंबे लावत राहिला. मग म्हणाला, "मिठागरात उतरलो तवा मी इचारला नवता, आपला घर केवडा हाय."

  माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बघितलं की नाही ठाऊक नाही. म्हणाला, "चाय पी नि जा." चहा घेतला. वहिनीने कप समोर ठेवला तो आपटूनच.

मनस्वी स्टॉपपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आजोबा, मग मी कुठे राहू?" म्हटलं, मी शोधतो. आणि शोधलंय. वरदला घेऊन दोन दिवस फिरलो. नवीन पनवेलला मुलींचं एक हॉस्टेल आहे, चालवणाऱ्या बाई कडक आहेत, साडेसातला फाटक बंद. जेवण मी स्वतः खाऊन बघितलं, आमटी पातळ आहे पण भात चांगला. प्रत्येकीला टेबल आणि कपाट. हितेशला फोन करून सगळं सांगितलं. तो "बरं काका" म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या त्या "बरं"मध्ये सगळं आलं. यंदा गणपतीला गावाकडून बोलावणं येईल असं दिसत नाही.

तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. मला वाईट वाटतंय आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. दादाचं माझ्यावर आहे ते आहेच, ते काही या घराने फिटत नाही. पण ते फेडायला मी तुला ओट्याखाली झोपवत होतो, हे बरोबर नव्हतं.

परवा सामान हलवतो. बाकीच्या गाद्या गादीवाल्याला दिल्या. त्याने विचारलं, "लॉज बंद केलं काय?"

कमलाकर

रोडपाली, ८ जून

मालू,

आलो इथे राहायला. खाली रात्रंदिवस लोखंडाचे ट्रेलर जातात, मला तो आवाज जुना ओळखीचा. तुला त्रास होईल कदाचित, पण बेडरूम मागच्या बाजूला आहे.

स्वयंपाक करतोय. यूट्यूबवर एक बाई आहे, फार भराभर बोलते, तिला सारखं थांबवावं लागतं. भात जमतो. आमटी बरी होते. भाकरी नाही जमत. थापतो ती तव्यावर जाईपर्यंत नकाशा होते. शेजारच्या बिल्डिंगमधल्या गंगाबाई तांदळाच्या भाकऱ्या करून विकतात, त्यांच्याकडून आणतो. एक सांगू? सकाळी आठला भांडी घासायला उभा राहिलो की दहा कधी वाजतात कळत नाही. दोन माणसांचीही नाहीत, एकाची. आपल्याकडे बारा-बारा ताटं पडायची.

गुरुवारी माणगावचे काका येऊन थडकले. पत्ता कुठून मिळवला देव जाणे. घामाघूम, हातात दोन पिशव्या, "काय रे, रानात येऊन राहिलास?" चहा दिला, जेवायला घातलं. जेवल्यावर त्यांची नजर हॉलभर फिरायला लागली. गादी कुठे टाकतात ते शोधत होते. मी म्हणालो, "काका, झोपायला जागा नाही. स्टँडजवळ लॉज आहे, चला, सोडतो." मालू, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. काका खांबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मालू कुठाय?" म्हटलं, माहेरी. "तरीच," म्हणाले. म्हटलं, "तरीच नाही काका, ती असती तरी हेच." रिक्षाने सोडून आलो.  आता माणगावात काय बोलतील ते बोलोत.

आणि काल तुझी चिठ्ठी आली. सध्या मासेमारी बंद आहे, गोदू सुके बोंबील आणि जवळा घेऊन येते, त्यामुळे चिठ्ठीला वास जरा जास्त आहे. महिनाभरातलं तुझ्या हाताचं पहिलं अक्षर. इतकंच लिहिलंस:

"येत्या रविवारी येते. रायला नाय. पावनी म्हनून येते. जेवन काय करनार ते ठरवा."

चार वेळा वाचली. आधी वाटलं, ही काय थट्टा. मग हळूहळू उमगलं. लग्न झाल्यापासून आपल्या घरी सगळे पाहुणे आले, तू कोणाकडे पाहुणी म्हणून गेलेली मला आठवत नाही. माहेरी गेलीस तरी भावजयीच्या हाताखाली.

ये. बस पनवेलला येईल, मी घ्यायला उभा असेन. खाडीची चिवणी मासळी मिळाली तर बघतो.

कमलाकर

१५ जून, सोमवार

मालू,

काल तुला बसमध्ये बसवून घरी आलो आणि लिहायला बसणार होतो. पण आधी कढई घासावी लागली, तळाला सगळं करपलं होतं. ते तुला कळू नये म्हणून मी झाकण ठेवलं होतं. तुला कळलंच असणार.

चिवणीच्या कालवणात मीठ जास्त झालं होतं. तू म्हणालीस, "छान झालंय." घरची असतीस तर दोन शब्द ऐकवले असतेस. पाहुण्यासारखं खोटं बोललीस, आणि मलाही घरच्या बाईसारखं बरं वाटलं.

जेवून झाल्यावर सवयीने तू ताट घेऊन उठायला लागलीस. मी म्हणालो, राहू दे. तू तशीच अर्धवट उभी राहिलीस, मग ताट खाली ठेवून बसलीस. मी ओट्याशी भांडी घासत होतो. मागे तुझा काहीच आवाज येईना म्हणून वळून बघितलं, तर तू हात मांडीवर ठेवून नुसती बसली होतीस आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी नळ सुरू ठेवला आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासलं.

मग तू आत गेलीस आणि कडी लावलीस. आवाज आला कडीचा. साडेतीनला गंगाबाई भाकऱ्यांचा डबा परत न्यायला आल्या, त्यांना दारातच खुणेने गप्प केलं. पाचला उठलीस. तोंडावर उशीचे वळ होते. तुला दुपारची इतकी झोपलेली मी कधी बघितली नव्हती. चहा केला तो मात्र चांगला झाला होता, हे तूही कबूल कर.

आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. बस यायच्या आधी विचारलंच, "मग मालू, राहायला कधी येतेस? किती दिवस असं पाहुणी म्हणून?"

तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "आपल्या दारात एवडी मानसा आली. तुमी कंदी कोनाला इचारलात, किती दिवस रानार म्हनून? मनाच बरा इचारता."

बस आली, तू चढलीस, खिडकीशी बसलीस. मी खाली उभा, तोंड उघडं. गाडी सुटली तरी उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय म्हणून लिहितो.

नाही विचारलं कधी कोणाला. तुलाही पुन्हा विचारणार नाही. रविवारी ये, आणि येताना बॅग घेऊन ये.

कमलाकर